उंदराला आजी नसते

आमच्या मॅडम समोर आलेल्या माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, पायांकडे बघत. पहिल्या दिवशी मी बार्शीहून एसटीनं आले, अंगात नवा ड्रेस, फाईल छातीशी घट्ट धरलेली, आणि त्यांच्या केबिनच्या दारात उभी राहिले, तर बाईंनी माझ्या सँडलवर नजर रोखून विचारलं, "डावा घोटा सुजलाय. कशानं?"

"बसला गर्दी होती मॅडम. उभ्यानं आले."

"मग दोन्ही सुजायला पाहिजेत. एकच का?"

मी खाली वाकून माझेच दोन्ही घोटे बघितले. मॅडमनी फाईल उघडलीसुद्धा नाही. "सोमवारपासून ये," म्हणाल्या आणि भाकरी मोडायला लागल्या. कडक भाकरीचा तो कडाड् आवाज आमच्या मजल्यावर मधल्या सुट्टीच्या घंटेसारखा होता. त्या मोडायला लागल्या की सगळ्यांना भूक लागायची.

सोलापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात त्या औषधशास्त्र शिकवायच्या, मी त्यांच्याकडे संशोधन करायला आले होते, आणि सूज हा त्यांच्या आयुष्याचा विषय होता. गावोगावी लोक सुजेवर, सांध्यांवर, छातीवर जो पाला वापरतात तो आणायचा, त्याचा अर्क काढायचा आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांना पाजून खरंच काही होतं का ते बघायचं. पद्धत सांगायला सोपी आहे. उंदराच्या मागच्या पंजाला सुईनं सूज आणायची, मग तो पंजा पाण्याच्या नळीत बुडवून पाणी किती चढतं ते मोजायचं. काही उंदरांना पाला पाजलेला, काहींना नुसतं पाणी. कुणाला काय पाजलंय हे मोजणाऱ्याला अजिबात कळू द्यायचं नाही. ह्या शेवटच्या नियमावर मॅडमची जेवढी श्रद्धा होती तेवढी त्यांच्या घरच्यांची सिद्धेश्वरावर नसेल. त्या म्हणायच्या, "ज्याला माहीत असतं त्याचे डोळे लबाडी करतात. मुद्दाम नाही करत. प्रेमानं करतात."

दरवर्षी नवा विद्यार्थी यायचा आणि हमखास म्हणायचा, "मॅडम, माझी आजी ह्याचा लेप लावायची, लगेच फरक पडायचा." मॅडम शांतपणे म्हणायच्या, "उंदराला आजी नसते." पुढे काही समजावून सांगायच्या नाहीत. पोरगं दोन-तीन दिवस हिरमुसून फिरायचं आणि मग एक दिवस पंजा मोजताना त्याचं त्यालाच उमगायचं. उंदराला लेप कुणी लावला, कुठल्या मायेनं लावला, हे काही ठाऊक नसतं. त्याचा पाय एकतर उतरतो, नाहीतर नाही.

मॅडम मूळच्या अक्कलकोटकडच्या, त्यामुळे त्यांच्या तीन भाषा होत्या आणि तिन्हींची खाती वेगळी. मुलांना मराठीतून रागवायच्या, प्राचार्यांकडे इंग्रजीतून परवानग्या मागायच्या आणि उंदरांशी कन्नडमधून बोलायच्या. उंदरांचं नाव 'मंडळी'. एखादा उंदीर हातात धडपडायला लागला की "साकु, साकु," म्हणजे पुरे, पुरे, असं पुटपुटत अंगठ्यानं त्याचं डोकं चोळायच्या. आम्ही पाठीमागे नक्कल करायचो. पण उंदीर त्यांच्याच हातात शांत व्हायचे, आमच्या हातात चावायचे.

छातीच्या औषधाची परीक्षा जास्त अवघड असायची. तिथे उंदराच्या फुप्फुसाला इजा करावी लागते, आणि शेवटी त्याला मारून फुप्फुस बाहेर काढून वजन करावं लागतं. सुजलेल्या फुप्फुसात पाणी भरतं, ते जड होतं. ते वाळवून पुन्हा वजन केलं की पाणी किती होतं ते समजतं. असल्या दिवशी भाकरीचा आवाज यायचा नाही. "आज उपास का मॅडम?" असं मी सुरुवातीला एकदा विचारलं. "उपास देवासाठी करतात. मला भूक नाही, एवढंच," म्हणाल्या. फुप्फुसाच्या दिवशी त्यांना कधीच भूक नसायची. आणि प्रयोग मांडायच्या आधी त्या आम्हांला पिळून काढायच्या. "हे आधी कुणी करून ठेवलंय का ते बघितलंस? नाही? मग आधी वाच. वाचायला उंदीर लागत नाही."

'औषध' हा शब्द त्यांनी आमच्या तोंडून काढून टाकला होता. पाला म्हणायचं. फार तर अर्क. 'गुण आला' असं कुणी म्हटलं की कपाळाला आठी. एकदा कॉलेजात एक मोठे वक्ते आले आणि आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असं टाळ्या घेत सांगू लागले. मॅडम मधल्या रांगेतून उठल्या. "कुणाला दिलं होतं? किती दिलं होतं? आणि ज्यांना दिलं नव्हतं त्यांचं काय झालं?" वक्त्यांनी पाणी मागितलं. प्राचार्यांनी मॅडमकडे असं बघितलं की मला वाटलं आता ह्यांची बदली वसतिगृहाच्या खानावळीवर होणार. पण पुढच्याच महिन्यात एका कंपनीचा साहेब आला आणि झाडपाल्यानं कुठे रोग बरे होतात का म्हणून हसला, तेव्हाही त्या उठल्या. "कुणावर करून बघितलं? किती देऊन बघितलं?" त्यालाही पाणी लागलं. दोन्ही बाजूंच्या लोकांना नकोशी वाटणारी बाई मी तरी आयुष्यात ही एकच बघितली.

सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, तिथली गोष्ट त्या स्वतः रंगवून सांगायच्या. तिथल्या एका जडीबुटीवाल्याकडून त्यांनी सांधेदुखीची पूड आणली. उंदरांची सूज अशी उतरली की मी नाचायचीच काय ती बाकी होते. मॅडमचा चेहरा मात्र पडला. "पाला इतका हुशार नसतो," म्हणाल्या. तपासणी केली तर पुडीत स्टेरॉइडची गोळी कुटून घातलेली. संध्याकाळी त्या मला घेऊन यात्रेत गेल्या आणि त्या माणसासमोर पोत्यावर मांडी घालून बसल्या. "गोळी कुठली कुटता?" तो आधी सिद्धेश्वराची शपथ घ्यायला निघाला, मग बाई हलत नाहीत हे बघून हळूच म्हणाला, "मॅडम, लोकांना गुण पायजे असतोय. नुसत्या पाल्यानं गिऱ्हाईक परत येत न्हाय की." मॅडमनी त्याची रीतसर तक्रार केली. परत येताना मात्र हळहळत होत्या. "डोस काय बरोबर घातला होता गं त्यानं. आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना जमत नाही."

आता त्यांची जी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते ती सांगते. मॅडमचा एक नेम होता. ज्याचा पाला, त्याला निकाल. आणि तो सगळ्यांच्या आधी, स्वतः जाऊन, तोंडावर. "आपण गावात जातो, चहा पितो, पाला आणतो, पेपर छापतो आणि पुन्हा फिरकत नाही. मग ते लोक जन्मभर वाट बघतात, शहरातल्या बाईंनी नेलं त्याचं काय झालं?" म्हणून त्या एसटीनं जायच्या, सोबत ज्या विद्यार्थ्याचा प्रयोग असेल त्याला न्यायच्या. वेळापूरकडच्या एका धनगराला तुमच्या पाल्यानं सूज उतरते असं सांगायला गेलो, तर त्यानं आनंद वगैरे काही दाखवला नाही. उंदीर केवढ्याला मिळतो, त्याला खायला काय घालता, पिल्लं किती होतात, एवढं मात्र खोदून विचारलं. मॅडम दुपारभर मेंढरांच्या वाड्यात बसून उंदरांच्या खुराकावर बोलत राहिल्या.

चांगला निकाल सांगायला कुणीही जाईल. वाईट निकाल सांगायला मी त्यांच्याबरोबर गेले ती अज्जींकडे.

अज्जी अक्कलकोटच्या पुढच्या एका गावात राहायच्या. घराच्या ओट्यावर सकाळी मोठं पातेलं मांडायच्या आणि येईल त्याला काढा द्यायच्या. निर्गुडी, अडुळसा आणि माळावरचं एक झुडूप. पैसा घ्यायच्या नाहीत. गुडघे, कंबर, खोकला, धाप, सगळ्यांना तेच पातेलं. कोरोनानंतर छातीवाल्यांची रांग फार वाढली होती. आम्ही पहिल्यांदा पाला मागायला गेलो तेव्हा "बर्री, कुंडरी," म्हणजे या, बसा, म्हणून त्यांनी बसवलं आणि मॅडमचं म्हणणं ऐकून घेतलं.

"बघा की देऊन," अज्जी म्हणाल्या. "मानसं बरी व्हत्यात, मग उंदीर काय लई मोठा लागून गेलाय?"

त्यांचा मुलगा मल्लू कट्ट्यावर बसला होता. चाळिशीतला. सूतगिरणीत जिथे रुई पिंजतात त्या खात्यात कामाला होता, सुट्टीवर आला होता आणि सुट्टी वाढत चालली होती. प्रत्येक श्वासाला त्याचे खांदे वर चढत होते. मॅडम त्याच्या गळ्याच्या खळग्याकडे एकटक बघत होत्या.

"दवाखान्यात दाखवलं का?"

"अव्वाचा काढा चालू हाय की. उतार पडंल."

"कधीपासून चालू आहे?"

"दिवाळीपास्नं." आता उन्हाळा लागला होता.

"माझ्याबरोबर सोलापूरला चला. मी उभी राहते तुमच्यासोबत."

मल्लू हसला आणि त्या हसण्याचा खोकला झाला. तो ओसरल्यावर म्हणाला, "बाई, समद्या गावाला माझी आई औषध देती. आन तिचाच ल्योक दवाखान्यात जाऊन बसला तर लोक तिला काय म्हणतील?" अज्जींनी त्याचा पेला पुन्हा भरला.

परतीची गाडी अक्कलकोटात शिरत होती. मॅडम म्हणाल्या, "ह्या माणसाचा दवाखान्याचा रस्ता आता आपल्या उंदरांवरून जातोय. नीट मोज."

मी नीट मोजलं. पंजाची सूज अज्जींच्या काढ्यानं उतरली, झकास उतरली. मी मॅडमना पेढे द्यायला निघाले होते. त्यांनी फुप्फुसं होईपर्यंत थांबायला सांगितलं. मग फुप्फुसांचा दिवस आला, भाकरीचा आवाज आला नाही, आणि काढा पाजलेल्या उंदरांची फुप्फुसं नुसतं पाणी पाजलेल्यांइतकीच जड भरली. कुठल्या बाटलीत काय होतं हे मॅडमनी उघड केलं तेव्हा मला वाटलं बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. झाली नव्हती.

त्या दिवशी मी मॅडमना डगमगताना बघितलं, पहिल्यांदाच. "डोस वाढवून परत करू," त्या म्हणाल्या. मी पिंजरे काढले, उंदीर वेगळे केले. मॅडम आल्या, एक उंदीर हातात घेतला, त्याचं डोकं चोळत बराच वेळ उभ्या राहिल्या. अज्जींची भाषा ती त्यांच्या आईची भाषा, पाला आणायला गेलो तेव्हा अज्जींनी वाढलेली शेंगाचटणी त्यांच्या आईच्या हातच्यासारखी. मग त्यांनी उंदीर पिंजऱ्यात सोडला.

"ठेव परत. डोस वाढवायचा तर पुढे कधीतरी वाढवू. आज मी हे शास्त्रासाठी करत नाहीये, मला अज्जींना 'नाही' सांगायचं जिवावर आलंय म्हणून करतेय. आणि तिकडे तो मल्लू खोकतोय." पदराच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले. "होय म्हणायचं असेल तर दहादा बघावं. नाही म्हणायला उशीर करू नये."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही निघालो. ओट्यावर रांग होती. मला वाटलं मॅडम सरळ आत जातील, पण त्या रांगेच्या शेवटी जाऊन बसल्या. पुढच्या बायकांचे गुडघे, त्यांच्या सुना, सगळं ऐकून घेतलं. पाळी आली तेव्हा अज्जींनी ओळखलं आणि पेला पुढे केला. मॅडमनी काढा सगळा प्यायला, पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अज्जी, गुडघ्याला तुमचा काढा खरा आहे. उंदरांची सूज उतरली."

"व्हय. उतरनारच की."

"छातीला नाही." मग कन्नडमधून पुन्हा, अगदी हळू, "इल्ला, अज्जी."

अज्जी पळी पातेल्यात फिरवत राहिल्या. "माझ्या सासूनं दिला, तिच्या सासूनं दिला. मग इतकी मानसं बरी कशी झाली?"

"बरेच खोकले आपले आपणच जातात. त्या वेळी जो पेला हातात असतो त्याला श्रेय मिळतं. पण काही जात नाहीत, अज्जी. ते आतून वाढत राहतात."

"अव्वा, त्यांचं काय मनावर घेऊ नगं," मल्लू कट्ट्यावरून म्हणाला. तेवढं एक वाक्य बोलायला त्याला मधे दोनदा थांबावं लागलं. अज्जींनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. आपल्या लेकराचा श्वास कसा चाललाय हे त्या आईला आमच्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक असणार. एवढे महिने ते बघायचं नाही म्हणून त्या पेला भरत आल्या होत्या, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि मला त्यांचा राग आला नाही, नुसतं रडू आलं.

मल्लूचा पितळी पेला त्यांच्या गुडघ्यापाशी होता. त्यांनी तो उचलला आणि पालथा घातला.

"कापडं घाल," त्या मल्लूला म्हणाल्या. "ह्यांच्यासंगं जा."

मल्लूचं पुढे काय झालं ते सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. रुईची धूळ वर्षानुवर्षं आत गेली होती. डॉक्टर म्हणाले, गेलेलं फुप्फुस परत येणार नाही, राहिलेलं वाचवता येईल, आणखी उशीर झाला असता तर तेही नाही. आता त्याच्या खिशात दम्याचा पंप असतो, रुईच्या खात्यात तो पुन्हा गेला नाही. जिन्यावर थांबतो, पण चढतो.

त्या दिवशी अज्जी आम्हांला सोडायला स्टँडपर्यंत आल्या. मल्लू खिडकीशी बसला, मी त्याच्या शेजारी. मॅडमचा एक पाय पायरीवर होता. अज्जींनी दाराचा दांडा धरला. "बाई, ह्याला तर धाडला. वट्ट्यावर बसलेत त्या बाकीच्यांस्नी मी आता काय सांगू?"

मॅडम खाली उतरल्या. कंडक्टर ओरडला. "तू ह्यांना दाखवून घे, मी मागून येते," त्या मला म्हणाल्या आणि अज्जींचा हात धरून गावाकडे चालू लागल्या. मल्लू मान वळवून त्या दोघी दिसेनाशा होईपर्यंत बघत होता.

मॅडमनी त्या ओट्यावर काय सांगितलं ते मला कळायला बराच वेळ गेला. स्वतः त्या कधी बोलल्या नाहीत. मल्लूला दवाखान्यातून घरी पोचवायला मी एकटीच गेले तेव्हा अज्जींनीच सांगितलं. "बाईंनी समद्यांस्नी बसवलं आन म्हनाल्या, आपला काढा खरा का खोटा ते तपासा म्हनून ह्या अज्जींनी सोता पाला दिला. एवढ्या वर्सांत आमाला असं कुनी दिलं न्हाय. छातीला चालत न्हाय हे अज्जींच्यामुळं कळलं, आन आज सोताच्या ल्योकाला दवाखान्यात धाडून त्यांनी सुरुवात केलीया." अज्जींनी डोळ्याला पदर लावला. "पोरी, मला गावात मान खाली घालाया लागली न्हाय."

तेवढ्यात एक म्हातारा खोकत ओट्यापाशी आला आणि पेला मागू लागला. अज्जींनी पळी खाली ठेवली. "छातीचं हितं न्हाय मिळत. तालुक्याची यष्टी हाय आता. मल्लू, ह्यांस्नी गाडीत बसवून ये." मल्लू उठला. मधे एकदा थांबून त्यानं दम घेतला आणि म्हाताऱ्याला घेऊन स्टँडकडे निघाला.

मॅडमना मी हे लगेच फोनवर सांगितलं, त्या ओट्यावरूनच. पलीकडून त्या म्हणाल्या, "तो म्हातारा दवाखान्यात पोचला का, तेवढं विचारून मग ये."